उपचाराने शाळेपर्यंत आले पाहिजे

मालाड स्थानकावरून बसने मार्वेच्या किनाऱ्यावर यावे आणि तेथे फेरीबोटीत बसून खाडी ओलांडावी, की मनोरी लागते. पाण्यावरचा प्रवास काही मिनिटांचाच आहे. रस्त्याने जावयाचे तर भाईंदर, उत्तन आणि गोराई असा मोठा वळसा घ्यावा लागतो. मनोरी बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेथील कोळी आणि ईस्ट इंडियन कुटुंबे मुंबईचीच रहिवासी आहेत. परंतु धडधाकट माणसाला जी खाडी अरुंद वाटते, ती चालता न येणाऱ्या मुलाला आणि त्याला कडेवर घेणाऱ्या आईला किती रुंद असते, याचा विचार नगररचनेच्या नकाशात कोठेही केलेला आढळत नाही.

अशा गावातील एखाद्या मुलाची कल्पना करावी. वय आठ-नऊ वर्षे, जन्माच्या वेळी मेंदूला इजा पोहोचल्यामुळे पाय ताठर, बुद्धी तल्लख. आठवड्यातून दोनदा व्यायामोपचार करून घ्या, असे डॉक्टर सांगतात. आई त्याला उचलून धक्क्यावर आणते. ओहोटी असेल तर बोटीत चढणेच जिकिरीचे. पावसाळ्यात धक्का निसरडा. पलीकडे बस, मग रिक्षा, मग कांदिवली किंवा जुहू येथील रुग्णालय. आणि विशेष तपासणीसाठी हाजीअलीपर्यंत जावयाचे झाल्यास लोकलगाडीची गर्दी. अर्ध्या तासाच्या उपचारासाठी संपूर्ण दिवस खर्ची पडतो. आईचा मासळीचा धंदा बुडतो आणि मुलाची शाळा बुडते. सहा दिवसांच्या आठवड्यात दोन दिवस गेले, म्हणजे एक तृतीयांश शिक्षण गेले. शेवटी घरच्यांना उपचार आणि शिक्षण यांपैकी एकाचीच निवड करावी लागते. कित्येक घरांत काही महिन्यांनी उपचार सुटतो. काही घरांत शाळा सुटते. आणि ज्यांच्या नशिबी अधिक ओढाताण असते त्यांच्याकडे दोन्ही सुटतात.

वास्तविक ही निवड मुळातच अनावश्यक आहे. मूल ज्या जागी दिवसाचे पाच-सहा तास असते, त्याच जागी उपचार गेला तर हा पेच उरत नाही. भौतिकोपचार, म्हणजे ज्याला सर्वत्र फिजिओथेरपी म्हणतात, तो शाळेच्या कामकाजाचाच एक भाग मानला पाहिजे, ही मागणी म्हणूनच केवळ दयेपोटी केलेली नाही. ती शिक्षणाच्या हक्काशी निगडित आहे.

मुंबईचाच वारसा

या विषयात मुंबईला कोणाकडून धडे घ्यावयाचे कारण नव्हते. स्वातंत्र्याच्या आगेमागे पोलिओने शहरातील असंख्य घरांत अपंगत्व आणले, त्या काळात येथेच या शास्त्राची देशातील पायाभरणी झाली. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर श्रीमती फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अशा मुलांसाठी उपचारकेंद्र सुरू केले. त्यातून पुढे हाजीअलीची मुलांच्या अस्थिव्यंगावरील संस्था उभी राहिली. जन्माने अमेरिकन आणि विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० मध्ये के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. फलटणची एक नामवंत मराठी शाळा आज त्यांचे नाव धारण करून उभी आहे. पाठोपाठ १९५३ मध्ये त्याच रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे देशातील पहिले विद्यालय निघाले आणि १९५५ मध्ये हाजीअलीला केंद्र शासनाची पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पुढे १९७२ मध्ये डॉ. मिठू अलूर यांनी ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ स्थापन करून मेंदूच्या पक्षाघाताने, म्हणजे सेरेब्रल पाल्सीने, ग्रस्त झालेल्या मुलांसाठी शिक्षक आणि उपचारतज्ज्ञ एकाच छपराखाली आणले. ज्या मुलांना शाळा घेत नव्हती आणि रुग्णालय शिकवीत नव्हते, त्यांना प्रथमच दोन्ही गोष्टी एका ठिकाणी मिळाल्या.

पोलिओचे संकट आता सरले आहे. देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. परंतु पोलिओ गेला म्हणून अपंग मूल दिसेनासे झाले, असे समजणे वस्तुस्थितीला सोडून होईल. सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण जगभर हजार जन्मांमागे सुमारे दोन ते तीन असे मानले जाते. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बालकांना पूर्वी जगविता येत नसे, त्यांतील पुष्कळशी आज नवजात अतिदक्षता कक्षांमुळे जगतात, आणि त्यांतील काहींना या विकाराची बाधा होते. जीव वाचविण्याचे शास्त्र जितके पुढे गेले, तितकी त्या वाचलेल्या जिवाला शिकविण्याची व्यवस्था पुढे गेलेली नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख इतकी नोंदली गेली. पाच ते एकोणीस वर्षे वयाच्या अपंग मुलांपैकी शिक्षणसंस्थेत जाणाऱ्यांचे प्रमाण त्या वेळी सुमारे ६१ टक्केच होते. उरलेली मुले कोठे आहेत, या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. ती घरी आहेत.

हा तज्ज्ञ शाळेत काय करतो

शाळेच्या भाषेत ‘पी. टी.’ म्हणजे मैदानावरची कवायत. त्यामुळे भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम हे कवायतीच्या शिक्षकाने थोडे अधिक लक्ष दिले तर भागण्यासारखे आहे, अशी समजूत काही ठिकाणी असते. ही समजूत घातक आहे. मेंदूला झालेली इजा कालांतराने वाढत नाही, हे खरे. परंतु मुलाची हाडे वाढतात आणि ताठर स्नायू त्यांच्या बरोबरीने वाढत नाहीत. परिणामी सांधे आखडत जातात. पाचव्या वर्षी भिंतीला धरून चालणारे मूल बाराव्या वर्षी चालेनासे होते, ते यामुळे. काही मुलांच्या खुब्याचा सांधा हळूहळू जागचा सरकू लागतो आणि आरंभी त्याची वेदनाही होत नाही. उलटपक्षी, स्नायूंची झीज होणाऱ्या आनुवंशिक आजारात सद्हेतूने करवून घेतलेला जोराचा व्यायामही अपाय करतो. कोणाला ताणावयाचे, कोणाला थांबवावयाचे आणि कोणाला शस्त्रक्रियातज्ज्ञाकडे वेळीच पाठवावयाचे, हे ठरविण्यास प्रशिक्षित दृष्टी लागते.

मात्र शाळेतील या तज्ज्ञाचे काम रुग्णालयातील कामापेक्षा निराळे असते, हेही लक्षात घेतले पाहिजे. रुग्णालयात गुडघा किती अंश सरळ झाला हे मोजले जाते. शाळेत विचारावयाचे प्रश्न वेगळे आहेत. मुलाला फळ्यावरचे उतरवून घेता येते काय? मधल्या सुट्टीत त्याला स्वच्छतागृहापर्यंत जाता येते काय? प्रार्थनेच्या वेळी ते इतरांबरोबर असते, की वर्गात एकटे बसून राहते? बाकावर बसल्यावर पाय लोंबकळत असतील तर शरीराचा तोल सावरण्यातच मुलाची सारी शक्ती खर्च होते आणि हातात लेखणी धरण्यास ती उरत नाही. पायाखाली योग्य उंचीचा पाट दिला, बसण्याला कडेचा आधार दिला आणि मेजाची उंची बदलली, की तेच मूल लिहू लागते. शिक्षक ज्याला आळस किंवा मंदपणा समजत होते, तो पुष्कळदा बाकाचा दोष असतो.

याचा अर्थ असा, की उपचाराचा मोठा भाग शाळेच्या नित्यक्रमात मिसळता येतो. रोज अर्धा तास लाकडी चौकटीच्या आधाराने उभे राहावयाचे असेल, तर ते मूल मराठीच्या तासाला उभे राहून कविता ऐकू शकते. हाताचा व्यायाम चित्रकलेच्या तासात होतो, तोल सावरण्याचा व्यायाम खेळाच्या तासात होतो. आठवड्यातून एकदा तज्ज्ञाने तीस मिनिटे केलेला उपचार आणि उरलेले दिवस चुकीच्या बाकावर काढलेले तीस तास, यांची तुलना केली म्हणजे खरा परिणाम कोठे घडतो हे सांगावे लागत नाही. म्हणून शालेय भौतिकोपचारतज्ज्ञ जितका मुलाचा असतो, तितकाच तो वर्गशिक्षकाचा, मदतनीस मावशींचा आणि आईचा मार्गदर्शक असतो. मुलाला उचलावयाचे कसे, हे मावशींना न शिकविल्यास मुलाचा खांदा दुखावतो आणि मावशींची कंबरही.

कायदा आहे, माणूस नाही

या साऱ्याला कायद्याचे अधिष्ठान नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची केंद्रीय योजना १९७४ सालची. त्यानंतर १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा अधिनियम आला आणि २००९ मध्ये शिक्षणहक्क कायदा संमत झाला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सहा ते अठरा वर्षांच्या, ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला. मुलाच्या गरजेनुसार वैयक्तिक साहाय्य पुरविणे, इमारत त्याला वापरता येईल अशी करणे आणि वाहतुकीची सोय करणे, ही जबाबदारीही त्याच कायद्याने शिक्षणव्यवस्थेवर टाकली. दर पाच वर्षांनी शाळेत जाणाऱ्या मुलांचे सर्वेक्षण करावे, असेही त्यात नमूद आहे. आरोग्याच्या बाजूने २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. या कार्यक्रमाखाली शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी होते आणि जिल्ह्याच्या केंद्रात भौतिकोपचाराची तरतूद असते.

अर्थात तपासणी आणि उपचार यांत फरक आहे. वर्षातून एकदा पथक येते, नोंद होते, कागद वरच्या केंद्राकडे जातो आणि मुलाला ‘संदर्भित’ केले जाते. संदर्भित करणे म्हणजे त्याला पुन्हा त्याच खाडीच्या पलीकडे पाठविणे. समग्र शिक्षा योजनेत दर अपंग मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांची तरतूद ठरविण्यात आली. प्रवासभत्ता, साधने आणि उपचारसेवा या सर्वांचा हिशेब अशा रकमेत बसवावयाचा झाला, तर तज्ज्ञाच्या वाट्याला काय येणार, हे कारकुनी करणारा कोणीही सुजाण वाचक एका दृष्टिक्षेपात सांगू शकेल.

अमेरिकेने १९७५ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा केला, तेव्हा भौतिकोपचाराचा समावेश शिक्षणाशी संलग्न सेवांत केला. मुलाला शिक्षणाचा लाभ घेता यावा म्हणून ही सेवा आवश्यक असेल, तर ती पुरविण्याचे उत्तरदायित्व शाळेचे, असे त्यामागचे सूत्र आहे. तेथील संपत्तीशी आपली तुलना करण्याचे कारण नाही. परंतु जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरविण्यास संपत्ती लागत नाही, निर्णय लागतो. आपल्याकडे आरोग्य खाते शिक्षण खात्याकडे पाहते, शिक्षण खाते समाजकल्याण किंवा दिव्यांग कल्याण विभागाकडे पाहते, आणि मूल सगळ्यांकडे पाहत बसते.

खर्चाचा आक्षेप

प्रत्येक शाळेत असा तज्ज्ञ नेमणे परवडणारे नाही, हा आक्षेप पुढे येईल. तो निराधार नाही. परंतु प्रत्येक शाळेत एक तज्ज्ञ नेमावा, अशी मागणीच नाही. जवळजवळच्या शाळांनी साधने आणि माणसे वाटून घ्यावीत, ही शाळासंकुलाची कल्पना कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडली होती आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिचाच पुनरुच्चार केला आहे. आठ-दहा शाळांच्या गटाला एक भौतिकोपचारतज्ज्ञ, त्याचे ठरलेले वार, प्रत्येक मुलाची शाळेत राहणारी नोंदवही आणि शिक्षकांसाठी सत्राच्या आरंभी दोन दिवसांचे प्रशिक्षण, एवढ्याने आरंभ करता येईल. एका मुलाने आणि त्याच्या आईने आठवड्यातून दोनदा खाडी ओलांडण्याऐवजी एका तज्ज्ञाने ती एकदा ओलांडली, तर कुटुंबांच्या बुडणाऱ्या मजुरीचा हिशेब धरता समाजाचा खर्च वाढण्याऐवजी कमीच होईल.

मनोरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. मनोरी आणि गोराई मुंबई महानगरपालिकेत, तर लगतचे उत्तन मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आणि ठाणे जिल्ह्यात. जमीन सलग आहे, रस्ता एक आहे, माणसांचे नातेसंबंधही एक आहेत. हद्द मात्र मधून गेली आहे. एकच तज्ज्ञ तीनही गावांच्या शाळांना भेट देऊ शकतो. परंतु त्याचा पगार कोणी द्यावयाचा या वादात तो कोणत्याच गावी पोहोचणार नाही, अशी भीती रास्त आहे. उपचाराचा मार्ग रस्त्याप्रमाणे आखला पाहिजे, हद्दीप्रमाणे नव्हे.

साधनांसाठीही परदेशी यंत्रसामग्रीची वाट पाहण्याची आवश्यकता नाही. उभे राहण्याची चौकट, कोपऱ्यात बसविता येणारी आधाराची खुर्ची, पायाखालचा पाट, समांतर दांड्या या सर्व वस्तू माप देणारा जाणकार असेल तर सुतार करू शकतो. ज्या किनाऱ्यावर होड्यांची डागडुजी होते, तेथे लाकूडकामाचे कौशल्य परके नाही. मूल वाढले, की चौकटही वाढवावी लागते. दूरच्या शिबिरात वाटलेले साधन वर्षभराने अपुरे पडून घरच्या माळ्यावर जाते, त्याचे कारण ते बदलून देणारा माणूस पुन्हा फिरकत नाही हेच असते.

नेमणुकीचे स्वरूप हा कळीचा मुद्दा आहे. राज्यात २००२ च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांची परिषद आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पदव्या घेऊन दरवर्षी तरुण तज्ज्ञ बाहेर पडतात आणि त्यांत मुलींचा भरणा मोठा असतो. त्यांतील बहुतेकजण खाजगी दवाखाने, व्यायामशाळा, क्रीडासंस्था किंवा परदेश यांकडे वळतात. त्यांना दोष देता येणार नाही. शाळेत कायम पद नसेल, अकरा महिन्यांचा करार आणि अनिश्चित मानधन असेल, तर साडेचार-पाच वर्षे शिकलेली मुलगी बोटीतून मनोरीला का यावी? विशेष शिक्षकांनी कंत्राटावर वर्षानुवर्षे काढलेले दिवस सर्वांसमोर आहेत. शिवाय, ज्या मुलाचा उपचार दहा वर्षे चालावयाचा, त्याचा उपचारक दरवर्षी बदलणे हे वैद्यकीयदृष्ट्याही चुकीचे आहे. मुलाचे शरीर आणि स्वभाव ओळखण्यातच पहिले सहा महिने जातात. पदवीनंतरच्या आंतरवासितेतील काही आठवडे पालिकेच्या शाळांत घालविणे सक्तीचे केले, तर पुढील पिढीला या कामाची ओळख होईल. परंतु शिकाऊ उमेदवारांनी कायम पदाची उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा धरणे गैर ठरेल.

शिक्षक आणि पालक

शिक्षकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. जनगणना, निवडणूक, ऑनलाइन माहिती भरणे यांनी त्रस्त झालेल्या शिक्षकाच्या शिरावर आणखी एक ओझे म्हणून ही योजना आली, तर ती कागदावरच राहील. पन्नास मुलांच्या वर्गात एका मुलाकडे वेगळे लक्ष कसे द्यावे, हा त्याचा प्रश्न खरा आहे. तज्ज्ञाने येऊन त्याला उपदेश करण्यापेक्षा त्याचे काम हलके केले पाहिजे. नीट बसविलेले मूल वर्गात कमी अडचण करते, स्वतः लिहिते आणि शिक्षकाला पुन्हापुन्हा जागेवरून उठावे लागत नाही. हा अनुभव एकदा आला, की परिपत्रकाची गरज पडत नाही.

पालकांच्या बाबतीत अधिक नाजूक प्रश्न आहे. ‘मूल चालू लागेल ना?’ हा त्यांचा पहिला आणि पुष्कळदा एकमेव प्रश्न असतो. या प्रश्नाचा फायदा घेऊन मालिश, ताईत, इंजेक्शने आणि चमत्कारिक उपाय यांचा बाजार मांडणारे शहरात कमी नाहीत. प्रामाणिक तज्ज्ञ खोटी आशा देत नाही. काही मुले चालू लागतील, काही काठीच्या आधाराने चालतील, काही चाकाच्या खुर्चीतच राहतील. चाकाची खुर्ची म्हणजे पराभव, ही भावना पालकांच्या आणि शिक्षकांच्याही मनातून जावी लागेल. चार पावले टाकून दमलेले मूल गणिताच्या तासाला झोपत असेल, तर त्याने खुर्चीतून वर्गात येऊन गणित शिकणे अधिक हिताचे आहे. अपंगांच्या चळवळीने अलीकडच्या काळात हेच बजावले आहे, की मूल म्हणजे दुरुस्त करावयाचे यंत्र नव्हे. उपचाराच्या नावाखाली त्याचे खेळणे, मैत्री आणि अभ्यास काढून घेतला जात असेल, तर त्या उपचाराचा फेरविचार झाला पाहिजे. शाळेत राहून केलेल्या उपचाराचे मोल या कसोटीवरही अधिक ठरते. कारण तेथे मूल रुग्ण म्हणून येत नाही, विद्यार्थी म्हणून येते.

मार्वे आणि मनोरी यांना जोडणाऱ्या पुलाची चर्चा होत आली आहे. तो होईल तेव्हा होईल. त्याला पैसा, परवाने आणि वर्षे लागतील. मुलाचे गुडघे मात्र तोपर्यंत थांबणार नाहीत. त्याच्या हाडांची वाढ कोणत्याही अर्थसंकल्पाची वाट पाहत नाही. आठव्या वर्षी जो सांधा साध्या ताणाने मोकळा राहिला असता, त्यासाठी पंधराव्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागते, आणि पुष्कळदा तिचाही उपयोग मर्यादित राहतो. महापालिकेने पुढील शैक्षणिक वर्षापासून खाडीपलीकडच्या शाळांसाठी एक पद, एक ठरलेला वार आणि एक नोंदवही एवढी तरी व्यवस्था करावी. शेजारच्या पालिकेला तीत सहभागी करून घ्यावे. त्या अनुभवावरून पुढे राज्यातील दुर्गम खेडी, पाडे आणि बेटे यांचा विचार करता येईल. ज्या शहराने या शास्त्राचे देशातील पहिले विद्यालय काढले, त्याने आपल्याच हद्दीतील मुलाला ते दाराशी पोहोचविण्यास आणखी किती वर्षे घ्यावयाची, याचे उत्तर आता संबंधितांनी दिले पाहिजे.